कोकणात, देशावर, गंगाथडीला

महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींची अनुयायांना आज्ञा होती की महाराष्ट्रात राहावे, कानडी आणि तेलंगी मुलखात जाऊ नये. आज्ञा सोपी वाटते, पण ती पाळायची तर महाराष्ट्र कुठून कुठवर हे आधी ठरायला हवे. तेराव्या शतकात भिंतीवर टांगलेला नकाशा नव्हता. भिक्षा मागत पायी हिंडणाऱ्या महानुभावाला आपण हद्दीच्या आत आहोत की बाहेर, हे मात्र रोज ठाऊक असावे लागे. पंथाच्या आचारधर्मावर पुढे जे भाष्य लिहिले गेले, त्यात याचे उत्तर आहे. भाष्यकार महाराष्ट्राची खंडमंडळे मोजतो. फलटणपासून दक्षिणेला जिथवर मराठी चालते ते एक. त्याच्या उत्तरेला बालाघाट संपतो तिथवर दुसरे. गंगेचे म्हणजे गोदावरीचे दोन्ही काठ हे तिसरे. तिथून मेहकरच्या घाटापर्यंत चौथे आणि त्यापुढचे अवघे वऱ्हाड पाचवे. भाषा जरा जरा पालटत जाते, तरी सगळे मिळून महाराष्ट्रच म्हणायचे, असा त्याचा निर्वाळा आहे.

हे वाचले तेव्हा मी राज्याचा प्राकृतिक नकाशा काढून शेजारी ठेवला. सह्याद्रीच्या पाठीतून पूर्वेकडे तीन रांगा फुटतात. शंभू महादेवाची रांग कृष्णा आणि भीमा यांची खोरी वेगळी करते, हरिश्चंद्र-बालाघाट भीमा आणि गोदावरी यांची, तर सातमाळा-अजिंठा गोदावरी आणि तापी यांची. आता भाष्यकाराच्या खुणा पाहा. फलटण महादेवाच्या रांगेच्या उत्तर पायथ्याशी आहे. बालाघाटाचे नाव त्याने स्वतःच घेतले आहे. मेहकर अजिंठ्याच्या डोंगरांच्या पूर्वेकडच्या पठारावर, पैनगंगेच्या काठी आहे, आणि तिथून उत्तरेला घाट उतरला की वऱ्हाडातल्या पूर्णेचे सपाट खोरे लागते. म्हणजे ज्याच्याजवळ भूगोलाचे एकही यंत्र नव्हते, त्याने पाणलोटाच्या रेषांवरून महाराष्ट्र वाटून दाखवला होता. शाळेत आपण हीच वाटणी ‘प्राकृतिक रचना’ म्हणून पाठ केली आणि ती इंग्रजांनी शोधली असे धरून चाललो.

या वाटणीत कोकण नाही, खानदेशही नाही. पंथाचा वावर गोदाकाठी आणि वऱ्हाडात अधिक होता, हे त्यामागे असू शकेल. पण जे आहे ते डोंगरांना आणि नद्यांना धरून आहे, आणि मला त्याचेच मोल वाटते.

भाष्याच्या मागे आणखी हजारभर वर्षे गेले की नाशिकच्या पांडवलेण्यांत पोहोचतो. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे वर्णन कोरून घेतले आहे. तो कोणकोणत्या मुलखांचा राजा होता याची त्यात यादी येते: असक, मुळक, अपरांत, विदर्भ आणि आणखी कितीतरी. मुळक म्हणजे पैठणचा परिसर, अपरांत म्हणजे पश्चिमेचा शेवट, आपले कोकण. त्यानंतर तो कोणत्या पर्वतांचा स्वामी होता हे वेगळे सांगितले आहे, आणि त्यात सह्य आहे. मुलूख वेगळे आणि पर्वत वेगळे मोजण्याची ही रीत मला फार अर्थपूर्ण वाटते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात राज्याची ओळख सांगताना डोंगर वगळून चालत नव्हते. त्या यादीतले मुळक गेले, अपरांत पुस्तकात उरला. विदर्भ आणि सह्य मात्र आजही आपल्या तोंडात आहेत.

पुढे ६३४ मध्ये रविकीर्तीने ऐहोळेच्या मेगुती मंदिरावर दुसऱ्या पुलकेशीची प्रशस्ती कोरली. तीत तीन महाराष्ट्रके आणि त्यांतली नव्याण्णव हजार गावे यांचा उल्लेख येतो. ती तीन कोणती हे लेख सांगत नाही, आणि अभ्यासकांनी आपापल्या परीने ती बसवून पाहिली आहेत. इतके मात्र नक्की, की हे नाव एकसंध प्रदेशाचे म्हणून आले नाही. ते तुकड्यांचे म्हणून आले.

राजांच्या लेखांपेक्षा खरा ठेवा बोलीत आहे. आपण ‘कोकणात’ जातो, पण ‘देशावर’ येतो. ‘देशात आलो’ असे म्हटले तर वेगळाच अर्थ निघतो. ‘खोऱ्यात’, ‘मावळात’, ‘झाडीत’ म्हणतो, पण ‘घाटमाथ्यावर’, ‘पठारावर’ म्हणतो, आणि काठाचा मुलूख असेल तर ‘गंगाथडीला’. जे खोलगट आहे, झाडीने किंवा डोंगराने वेढलेले आहे, त्याला ‘त’. जे उंच आणि उघडे आहे, त्याला ‘वर’. जे नदीला लागून लांबट पसरले आहे, त्याला ‘ला’. ही प्राकृतिक विभागणी मूल बोलायला शिकते तेव्हाच शिकते. कोणी त्याला उंचीचे आकडे सांगत नाही, तरी कोकणात ‘उतरायचे’ आणि देशावर ‘चढायचे’ हे त्याला कळलेले असते.

‘घाट’ या शब्दाचे तर मोठेच स्थित्यंतर झाले. आपल्याकडे घाट म्हणजे डोंगर ओलांडायची वाट: नाणेघाट, बोरघाट, थळघाट, कुंभार्ली, वरंधा, आंबा. डोंगराचे नाव सह्याद्री. नाणेघाट किती जुना, हे तिथल्या लेण्यातला सातवाहन राणी नागनिकेचा लेख सांगतो. जुन्नरच्या बाजारातला माल याच वाटेने कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे उतरत होता. समुद्रातून येणाऱ्या युरोपीय लोकांनी मात्र वाटेचे नाव पर्वताला दिले आणि सारी रांग ‘वेस्टर्न घाट्स’ झाली. तेच नाव भाषांतर होऊन ‘पश्चिम घाट’ म्हणून आपल्याकडे परत आले, आणि २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतही याच नावाने गेले. त्यात आपले कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी आहेत. त्या नावाला माझा विरोध नाही. पण सह्याद्री हा मुळात पठाराचा तुटलेला कडा आहे, म्हणून तो कोकणातून पाहिला की प्रचंड पर्वत दिसतो आणि देशावरून गेले की एकदम पायाखाली दरी उघडते. ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ या शब्दांत हे जसे समजते, तसे ‘पश्चिम घाट’ या नावात समजत नाही.

मावळ हा शब्द मावळतीवरून आला असे सांगतात. पुण्याहून पश्चिमेला, सूर्य जिकडे डोंगरात जातो तिकडचा मुलूख. त्याचे पुन्हा बारा मावळ: आंदर, नाणे, पवन, कोरबारसे, गुंजण, हिरडस अशी नावे, आणि त्यांतच मोसे, मुठे, कानद, वेळवंड, रोहिड ही खोरी. एकेका मावळात एकेक नदी, तिच्या दोन्ही बाजूंना डोंगराच्या सोंडा, आत भाताची खाचरे, वर नाचणी-वरई आणि एखाद्या सोंडेवर किल्ला. हे वतनदारीचेही एकक होते आणि पाण्याचेही. शिवाजी महाराजांच्या पायदळाला ज्या नावाने आपण आजही ओळखतो, ते मावळे हे नाव मुळात या भूगोलाचे आहे.

उत्तरेला जाल तर हाच डोंगरी, पावसाळी पट्टा नाशिककडे डांग होतो, अकोले तालुक्यात डांगाण. खाली कोकणात समुद्रालगतची सखल जमीन खलाटी आणि आतली उंचसखल वलाटी. पूर्वेकडे भीमेच्या काठची भीमथडी, तिची तट्टे मराठ्यांच्या घोडदळात नावाजलेली. माणगंगेच्या आसपासचा कोरडा मुलूख तो माणदेश. वैनगंगेकडची झाडी. या नावांमागे पाऊस आणि माती आहे, आणि ते तपासायचे असेल तर गोठ्यात पाहावे. डांगी बैल मुसळधार पावसात तग धरतो, त्याची कातडी तेलकट असते आणि पाणी धरत नाही. खिल्लार माणदेशातला, काटक, लांब पल्ल्याचा, थोड्या चाऱ्यावर निभावणारा. लातूरकडे देवणी, नांदेडकडे लाल कंधारी, वर्ध्याकडे गवळाऊ. कोणत्या मुलखात काय टिकते हे पिढ्यान्‌पिढ्या पारखून शेतकऱ्यांनी हे जनावरांचे वाण सांभाळले. हा त्यांनी राखलेला प्राकृतिक नकाशाच आहे.

पावसाचा फरक किती आहे? महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पडतो. तिथून सरळ रेषेत पूर्वेला शंभरएक किलोमीटरवर दहिवडीला जेमतेम पाचशे. दोन्ही गावे एकाच सातारा जिल्ह्यात आहेत. ढग सह्याद्रीला थडकून वर चढतात, गार होऊन रिते होतात आणि पलीकडे कोरडे उतरतात. जिल्ह्याच्या सरासरीत या दोन गावांपैकी एकही दिसत नाही.

सुलतानी आणि मोगली कारभारात नावे बदलली, तरी जमिनीची जाण सुटली नाही. वऱ्हाडाचे दोन भाग पाडले गेले, पाईनघाट आणि बालाघाट. फारसीत ‘बाला’ म्हणजे वरचा, ‘पाईन’ खालचा. मेळघाटाचे डोंगर आणि अजिंठ्याची रांग यांच्यामधले पूर्णेचे काळ्या मातीचे खोरे म्हणजे पाईनघाट, आणि अजिंठ्याच्या रांगेवरचे पठार ते बालाघाट. फारसी बोलणाऱ्या कारकुनाने वर आणि खाली हेच पाहिले, जे मराठी माणूस पाहत होता. खानदेशाचे नाव फारुकी सुलतानांच्या ‘खान’ किताबावरून आले असे म्हणतात. पण तो मुलूख तापीच्या खोऱ्याचा, सातपुडा आणि सातमाळा यांच्यामधला, हे कोणत्याही राजवटीत बदलले नाही.

दगडाचा शोध मात्र इंग्रजांच्या काळात लागला, आणि त्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स १८२४ पासून मुंबई सरकारचा सांख्यिकी वृत्तांत-अधिकारी होता. दख्खनभर हिंडून त्याने खडकांच्या थरांची नोंद केली आणि १८३३ मध्ये लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेपुढचा त्याचा निबंध छापला गेला. ‘डेक्कन ट्रॅप’ हे नाव तिथून रूढ झाले असे मानतात. ट्रॅप हा शब्द स्वीडिश भाषेतल्या पायरीच्या शब्दावरून आला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून लाव्हा एकामागून एक लोट होऊन पसरला. त्याचे थर आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर आहेत आणि महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग त्यांनी व्यापला आहे. कठीण थर झिजत नाही, त्याचा कडा होतो. दोन कड्यांमधला मऊ, सच्छिद्र थर झिजतो आणि सपाटी पडते. साइक्सच्या आधी दोनशे वर्षे ही पायरी आपल्या गडकऱ्यांना पुरती ठाऊक होती. कड्याखालच्या त्या सपाटीला ते माची म्हणत, तिच्यावर तटबंदी घालत आणि जिथे पाणी पाझरते तिथे टाके खोदत. राजगडाच्या तीन माच्या आणि वरचा बालेकिल्ला पाहिला की ट्रॅपची रचना वेगळी शिकवावी लागत नाही.

हाच दगड झिजून काळी झाली. गावातली वस्तीची जागा पांढरी आणि शेताची काळी, असे आपण म्हणत आलो. शास्त्राने तिला ‘रेगूर’ म्हटले, तो शब्द तेलुगू ‘रेगड’वरून गेला.

दगड, माती आणि भाषा यांची सांगड सर्वांत स्पष्ट दिसते ती जुन्या हैदराबाद संस्थानात. १९०८ च्या इम्पीरियल गॅझेटिअरमध्ये त्या संस्थानाचे दोन स्वाभाविक भाग सांगितले आहेत. वायव्येकडचा ट्रॅपचा, काळ्या मातीचा, कापूस आणि गव्हाचा, त्यात मराठी आणि कानडी बोलणारे लोक. आग्नेयेकडचा ग्रॅनाइटचा, तळ्यांचा आणि भाताचा, तेलुगू बोलणाऱ्यांचा. पहिला मराठवाडा, दुसरा तेलंगण. यात जादू नाही. काळी माती ओल धरते, तिच्यात ज्वारी, कापूस, गहू येतो. ग्रॅनाइटवरची हलकी, तांबडी माती पाणी धरत नाही, पण उथळ दऱ्यांना बांध घातला की तळे होते, तळ्याखाली भात होतो, आणि भाताभोवती वेगळेच गाव वसते.

याचा दुसरा पुरावा आपल्याच राज्यात, पूर्व टोकाला आहे. नागपूरच्या पूर्वेला ट्रॅप सरतो आणि अतिप्राचीन नाईस खडक उघडा पडतो. तिथून भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा झाडीपट्टीचा मुलूख सुरू होतो, आणि लगेच तलाव दिसू लागतात. कोहळी समाजाने बांधलेले, पुढे मालगुजारांकडे गेलेले आणि आज ‘मामा तलाव’ म्हणून ओळखले जाणारे हजारो तलाव, त्यांच्याखाली धानाची शेती. ज्वारीची भाकरी मागे पडते, भात येतो. बोली बदलते, नाटकही बदलते. झाडीपट्टीची रंगभूमी विदर्भातच राहून स्वतःच्या तऱ्हेने वाढली. एकट्या ‘विदर्भ’ या शब्दाने वऱ्हाड आणि झाडी यांच्यामधला हा सांधा झाकला जातो. अकोल्याच्या कापूस-शेतकऱ्याचे आणि गोंदियाच्या धान-शेतकऱ्याचे दुखणे एक नाही, कारण त्यांच्या पायाखालचा दगडच एक नाही.

जेम्स कॅम्पबेल यांच्या देखरेखीखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमध्ये स्थानिक नावांना मान होता. १८८३ च्या नाशिक खंडात जिल्ह्याची फोड डांग आणि देश अशी आहे. १८८५ च्या पुणे खंडात पश्चिमेचा मावळ, मधला संक्रमणाचा पट्टा आणि पूर्वेचा देश असे तीन पट्टे आहेत. लोकांच्या तोंडचे शब्द त्यांनी ऐकले आणि उतरवले. पुढे इरावती कर्वे यांनी १९६८ मध्ये महाराष्ट्राची भूमी आणि माणसे यांवर लिहिले, तेव्हाही त्या जमिनीपासून सुरुवात करून माणसांकडे आल्या.

१ मे १९६० रोजी राज्य झाले. तीन लाख सात हजार सातशे तेरा चौरस किलोमीटरचा हा मुलूख एका नावाखाली आला, ही मोठी गोष्ट होती. पण त्याबरोबर प्रदेश मोजायची एककेही बदलली. मोजणी विदर्भ, मराठवाडा आणि उरलेला महाराष्ट्र अशी होऊ लागली. संविधानाच्या अनुच्छेद ३७१ मध्ये ही तिहेरी वाटणी १९५६ च्या दुरुस्तीनेच आली होती, आणि १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे झाली ती त्याच नावांनी. तिसऱ्याचे नाव ‘उर्वरित महाराष्ट्र’. कोकण, मावळ, माणदेश, खानदेश, कृष्णाकाठ हे सगळे या एका शब्दात. मागास भागांना न्याय मिळावा म्हणून ही मंडळे हवी होती, त्यात मला शंका नाही. पण आंबोलीचा धुवांधार पाऊस आणि आटपाडीचा दुष्काळ एका ‘उर्वरित’मध्ये घातले, तर नियोजनाला जमीन दिसत नाही. खानदेशाचेही तेच झाले. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, राज्यनिर्मितीच्या सुमारास जळगाव आणि धुळे ही नावे आली, आणि महसुली कागदात आता तो नाशिक विभागाचा भाग आहे.

शेतीशास्त्राने मात्र मागे वळून पाहिले. १९७९ मध्ये राष्ट्रीय कृषी संशोधन प्रकल्प सुरू झाला आणि त्यात महाराष्ट्राचे नऊ कृषी-हवामान विभाग ठरले. दक्षिण कोकणचा जांभ्या मातीचा किनारा, उत्तर कोकणचा किनारा, घाटमाथा, त्याच्या पूर्वेचे दोन संक्रमणाचे पट्टे, अवर्षणप्रवण पट्टा, मध्य महाराष्ट्राचे पठार, मध्य विदर्भ आणि पूर्व विदर्भ. ही यादी कॅम्पबेलच्या पट्ट्यांशेजारी ठेवा, मग भाष्यकाराच्या मंडळांशेजारी ठेवा. शास्त्रज्ञांनी पर्जन्यमापक आणि माती-परीक्षणावरून ज्या रेषा काढल्या, त्या मावळ, देश, माणदेश, वऱ्हाड, झाडी यांच्या रेषांना फारशा सोडून नाहीत. माझ्या मते या नऊ विभागांना त्यांची मराठी नावे परत द्यायला हवीत. ‘संक्रमण पट्टा क्रमांक एक’ हे कोणाच्या गावाचे नाव होऊ शकत नाही, आणि ज्या मुलखाला नाव नाही, त्याच्या बाजूने कोणी बोलायला उभे राहत नाही.

१८८५ मध्ये पुणे जिल्ह्याचे आठ तालुके होते: जुन्नर, खेड, मावळ, हवेली, शिरूर, पुरंदर, इंदापूर आणि भीमथडी. त्यांपैकी मावळ आजही तालुका आहे. भीमथडी गेली. ज्या मुलखाची ती होती, तो आज बारामती आणि दौंड या शहरांच्या नावांनी ओळखला जातो, आणि तिथल्या शाळेतल्या मुलाला आपण भीमेच्या थडीचे आहोत हे कोणी सांगत नाही. आपापल्या गावी जो सर्वांत वयस्क माणूस असेल, त्याला एकदा विचारा की जिल्हा आणि तालुका सोडून आपल्या मुलखाचे नाव काय. नदीचे, डोंगराचे, मातीचे, जे नाव तो सांगेल ते लिहून घ्या आणि गावच्या शाळेत नेऊन द्या.